मोठीच्या कपड्यांवरची खूण

माझं लाँड्रीचं दुकान आहे. वडिलांनी काढलं, त्यांच्यामागे मी चालवते आणि नवरा इस्त्रीला उभा राहतो. लोकांना वाटतं, कपडे धुणारीला काय कळतंय. अहो, कुणाच्या घरात काय चाललंय हे मला त्या घरातल्या माणसांच्या आधी कळतं! चादरी वाढल्या की समजावं, नवरा-बायको वेगळे झोपायला लागले. शर्टाच्या कॉलरी एकदम स्वच्छ यायला लागल्या की समजावं, साहेबांची नोकरी गेली. पण मी तोंड उघडत नाही. म्हणजे सहसा उघडत नाही. मोठीच्या वेळी उघडलं, आणि मला त्याचा काडीचाही पश्चात्ताप नाही, हे आधीच सांगून ठेवते.

मोठी म्हणजे माझ्या बालपणीची मैत्रीण. दुकानाच्या फळीवर उभं राहून तिरकं पाहिलं की तिचं घर दिसतं, खाली दोन खोल्या आणि वर माडीची एक. घरात दोनच भावंडं, ही मोठी आणि तिच्या पाठचा धाकटा. सगळी गल्ली त्यांना तशीच हाक मारायची. शाळेत ती आणि मी एका बाकावर. ती सरळ, मी वाकडी. बाई ओरडल्या की ती रडायची आणि मी बाईंची नक्कल करून तिला हसवायची. हसली की शिक्षा परत तिलाच.

शाळा संपली आणि तिची मामी वारली. मामा परगावी एका छापखान्यात कामाला. पदरात दोन पोरं, धाकटी तर अजून बोबडं बोलत होती. मोठीच्या आईने तिला सांगितलं, "जा गं थोडे दिवस. मामाचं जरा मार्गी लागलं की ये." थोडे दिवस! त्या थोड्या दिवसांत मोठीचे केस पिकले. आज पोराला गोवर, उद्या पोरीची परीक्षा, परवा मामाचा पाय मोडला. दरवेळी निघायचं ठरायचं आणि दरवेळी काहीतरी आडवं यायचं. तिला सांगून आलेली स्थळंसुद्धा मामाने "एवढं वर्ष जाऊ दे" करत घालवली. आणि लोक कौतुक कुणाचं करायचे, तर मामाचं. बायकोमागे दुसरं लग्न केलं नाही हो, केवढा देवमाणूस! देवमाणसाला गरज काय होती दुसऱ्या लग्नाची? सकाळचा डबा, संध्याकाळचा चहा, पोरांचा अभ्यास, सगळं भाचीच्या डोक्यावर. एवढं करून पोरांनी तिला आई म्हटलं का? नाही. आतेबहीण ना ती, ताईच राहिली.

आई गेली तेव्हा मोठी आली, वडील गेले तेव्हा आली. दोन्ही वेळा डोळे पुसत पुसत परतीची गाडी पकडली, का तर तिकडे पोरांच्या जेवणाचे हाल होतील. तिच्या आईचं एक वाक्य मी कितीदा ऐकलं असेन, की हे घर काय, मोठीचंच आहे, कधीही यावं. धाकटाही तेच म्हणायचा. धाकट्याची बायकोही म्हणायची. बोलायला काय जातंय.

मग मामाही गेला. पुढे काही महिन्यांनी, एका दुपारी, मी पावत्या लावत बसले होते तर काउंटरसमोर एक बाई येऊन उभी राहिली. हातात सुटकेस, खांद्याला पिशवी, चष्मा नाकावर घसरलेला.

"काय गं भवाने, ओळख विसरलीस?"

आवाजावरून ओळखलं. चेहऱ्यावरून नसतंच ओळखलं, खोटं कशाला बोलू. मी काउंटरच्या बाहेर येऊन तिला मिठी मारली आणि विचारलं, "किती दिवस आहेस?"

"दिवस कसले मोजतेस? आले आता. कायमची आले."

असं काही हसली ती की मला शाळेतली मोठी दिसली. म्हणाली, "आधी घरी जाते, मग तुला घेऊन सगळं गाव बघायचंय." पुढच्या दिवशी गेलोही. ज्या थिएटरात आम्ही शाळा बुडवून सिनेमा बघितला, तिथे सोफे आणि पलंग विकायला ठेवलेले. शाळेला एवढी उंच भिंत की आतलं झाडसुद्धा दिसेना. नदीकडे जायच्या रस्त्यावर गाड्यांचं गॅरेज. मोठी प्रत्येक ठिकाणी थांबून "इथे ते होतं ना गं?" विचारायची आणि मी "होतं" म्हणायची. शेवटी मीच वैतागले. म्हटलं, "चल, पाय दुखले माझे." तर म्हणते कशी, "जाऊ दे, घर तर आहे ना जागेवर." तेवढं एक तिने धरून ठेवलं होतं.

घरात काय चाललंय ते मला आठवड्याभरात कळलं, कारण मोठी रोज दुपारी दुकानात येऊन बसायला लागली. मागच्या बाजूला वाळलेल्या चादरी दोरीवर टांगलेल्या असतात, त्यांच्या आड आम्ही दोघी घड्या घालायचो. मोठ्या चादरीला दोन माणसं लागतातच. कोपऱ्याला कोपरा जुळवता जुळवता ती बोलायची. तिला वाटायचं, आपण गंमत सांगतोय.

"अगं, सकाळी मी चहाला उठले, तर वहिनी झोपेतून धावत आली. अहो ताई, तुम्ही कशाला, तुम्ही बसा! मला बसवलं आणि कप आणून दिला. फुलांचा कप, शोकेसमधला."

"मजा आहे बुवा तुझी."

"पहिल्या दिवशी खरंच मजा वाटली. आयुष्यात कुणी आयता चहा हातात दिला नव्हता." मग चादरीची घडी छातीशी धरून ती तशीच उभी राहिली. "पण मी विसळायला गेले की हातातून काढून घेते गं. पुसून कुठे ठेवू विचारलं, तर राहू द्या म्हणते. कप कुठे ठेवतात ते अजून मला माहीत नाही."

साबण नवा, टॉवेल नवा, त्यावरची किमतीची चिठ्ठीसुद्धा नीट निघालेली नाही. जेवायला पहिलं ताट तिला. आणि झोपायला? बाहेरच्या खोलीतला सोफा. माडीवरची खोली, जी लहानपणापासून तिची, ती वहिनींच्या जुन्या गाद्यांनी आणि एका व्यायामाच्या सायकलने भरलेली. त्या सायकलवर आजवर कुणी बसलेलं मी पाहिलं नाही. धाकटा रोज म्हणायचा, "ताई, पुढच्या आठवड्यात रिकामी करतो." तो पुढचा आठवडा काही येईना. सुटकेस सोफ्याखाली आणि मोठी सोफ्यावर. टीव्ही बंद झाला की तिने झोपायचं.

मला त्याच वेळी वास यायला हवा होता. पण मोठीकडे बघून माझंही डोकं चालेनासं झालं. इतक्या वर्षांनी माझी मैत्रीण समोर बसून घड्या घालतेय, मला काय, आनंदच होता.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगते. गावभरचे कपडे एकाच हौदात पडतात, मग कुणाचा कुठला कसं कळणार? म्हणून प्रत्येक घराची एक खूण असते. कॉलरच्या आत, पट्टीच्या मागे, बाहेरून दिसणार नाही अशी. ती शाईची असते. कपडा फाटेल, पण शाई जाणार नाही. मोठीच्या घराची खूण माझ्या वडिलांनी दिलेली, एक आडवी रेघ आणि खाली दोन ठिपके. मोठीच्या शाळेच्या फ्रॉकवर तीच होती. आणि जे कपडे तात्पुरते येतात, म्हणजे लॉजमधल्या प्रवाशांचे, कुणाच्या घरच्या पाहुण्यांचे, त्यांना शाई लावत नाही. लाल दोऱ्याचा एक टाका घालतो आणि परत देताना कात्रीने कापतो. माझे वडील नवीन कपडा दिसला की हमखास विचारायचे, पक्की की कच्ची? पक्की म्हणजे शाई, कच्ची म्हणजे दोरा.

एका सोमवारी धाकटा ऑफिसला जाता जाता गठ्ठा टाकून गेला. मोटारसायकलवरून उतरलाही नाही. म्हणाला, "अक्का, त्यात ताईचेही आहेत गं." अक्का म्हणजे मी, गल्ली मला तेच म्हणते. मी गठ्ठा सोडला. मोठीचे दोन सुती कुडते, पांढरा पेटीकोट, एक करडा स्वेटर. आत बघितलं तर मामाच्या गावच्या लाँड्रीची खूणच नाही. म्हणजे इतकी वर्षं ही बाई स्वतःचे कपडे स्वतःच धूत होती! मला इतकं वाईट वाटलं की शाईची बाटली उघडली आणि चारही कपड्यांवर रेघ आणि दोन ठिपके ठोकून दिले. विचारलं कुणाला? कुणालाच नाही. घरच्या मुलीच्या कपड्यावर घरची खूण लावायला परवानगी कसली काढायची?

कपडे परीटघडी करून पाठवले. दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी दुकानात हजर. हातात तो करडा स्वेटर. मोठी मागे चादरींच्या आड होती, ते वहिनींना दिसत नव्हतं.

धाकट्याची बायको कधी आवाज चढवत नाही. कधीच नाही. जिभेवर सतत खडीसाखर.

"अक्का, एक विचारू का? राग मानू नका हं. हे जातं का हो?"

"काय?"

"ही खूण. ताईंच्या सगळ्या कपड्यांना लागलीय."

"लागली नाही, मी लावलीय. आणि जात नाही. जाण्यासाठी कुणी लावतं का?"

"पण आमचीच लावलीत."

"मग कुणाची लावू? वहिनी, त्या घराच्या कपड्यांत तिचे कपडे तुमच्या आधीपासून आहेत."

"ते आहेच हो." त्या हसल्या. "पण ताई काय, थोड्या दिवसांच्या. माझ्या माहेरचे येतात तेव्हा तुम्ही लाल दोरा घालता ना, तसाच घालायचात. उगीच चांगल्या कपड्यांना डाग. त्यांचे मामेभाऊ यायचेत त्यांना न्यायला, ते काय म्हणतील? यांनी फोन केलाय तसा."

मागच्या चादरी हलल्या आणि मोठी बाहेर आली. तिच्या हातात अजून चादरीचं एक टोक होतं.

"उचलला का त्याने फोन?" तिने विचारलं. रागाने नाही, खरंच चौकशी करावी तसं.

वहिनींचा चेहरा पांढराफटक पडला. "ताई! तुम्ही इथे..."

"उचलला नसेल. आणि तो येणारही नाही गं. त्यानेच तर मला गाडीत बसवून दिलं." मोठीने चादरीचं टोक नीट दोरीवर टाकलं. "म्हणाला, ताई, तू आमच्यासाठी खूप केलंस, आता तुझ्या घरी जाऊन सुखात राहा. खिडकीतून माझा हात धरून रडलासुद्धा. त्याच्या बायकोने माझ्या जुन्या चपलासुद्धा आठवणीने पिशवीत घातल्या. तिकडे माझं काहीच राहिलेलं नाही."

"तुम्ही गैरसमज करून घेऊ नका ताई. घर तुमचंच आहे."

"मग मला सांग, कप कुठे ठेवतेस?"

"म्हणजे?" वहिनी म्हणाल्या. त्यांना कळलंच नाही. देवाशपथ सांगते, त्या बाईला प्रश्नच कळला नाही.

मग मात्र माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. नवऱ्याने इस्त्री बाजूला ठेवली, म्हणजे बरंच बोलले असणार. एवढं आठवतं की मी म्हटलं, "वहिनी, हाकलायचं असेल तर दार उघडून हाकला. हे शोकेसमधले कप दाखवून कुणाला काढताय?" वहिनी स्वेटर काउंटरवर ठेवून रडत निघून गेल्या. मोठीने मला दटावलं, "तिला कशाला बोललीस? दमते ती." अशी आहे ही. मार खाईल आणि वर मारणाऱ्याचा हात चोळून देईल. मला तिचाही राग आला.

संध्याकाळी धाकटा आला. या वेळी मोटारसायकल स्टँडला लावून, आत येऊन.

"अक्का, आमच्या घरात नाक खुपसायचं तुला काय कारण होतं?"

"गठ्ठा तू आणून टाकलास. मी फक्त खूण लावली."

"तुझ्या त्या खुणेने घरात रडारड झाली."

"खुणेने? बरं! माडीवर ती सायकल कोण चालवतं रे? एक दिवस बसलेला दाखव कुणी."

तो स्टूल ओढून बसला. चांगला टक्कल पडलेला, पोट सुटलेला माणूस, पण मला त्याचं लहानपणीचं नाक वाहणारं तोंडच दिसत होतं. आवाज खाली आणून म्हणाला, "तुला काय माहीत नाही का? आईचं अंथरुणातलं सगळं हिने केलं. मग बाबांचं केलं. रात्र-रात्र जागली. आता कुठे आम्ही दोघं जरा मोकळे झालोय. आता ताईचं म्हातारपण परत हिनेच काढायचं का?"

हे खरं होतं. वहिनींनी सासू-सासऱ्यांचं सगळं केलं, ते डाग मी धुतलेत, मला माहीत आहे. खरं होतं म्हणूनच मला जास्त राग आला.

"मग हे तिला सांग ना तोंडावर. समजूतदार आहे ती."

"असं कसं सांगणार?" तो म्हणाला. "मोठी बहीण आहे माझी."

घ्या! मोठी बहीण आहे म्हणून खरं सांगायचं नाही, आणि मोठी बहीण आहे म्हणून घरात ठेवायचंही नाही. मी त्याला म्हटलं, "जा बाबा, जा घरी. मला दुकान बंद करायचंय." दुकान बंद व्हायला अजून वेळ होता.

मी मोठीला म्हटलं, "माझ्याकडे राहा. मागची खोली आहे, कपड्यांचे गठ्ठे हलवू." ती म्हणाली, "नवऱ्याला विचारलंस?" नव्हतं विचारलं. तो बिचारा काही बोलला नसता, पण नव्हतं विचारलं हे खरं. मोठी म्हणाली, "नको गं. आता कुणाच्याच घरात राहायचं नाही मला. कामाच्या ठिकाणीच राहायला मिळालं तर बघ." मी खूप भांडले. ती ऐकेना. शेवटी माझ्याच एका गिऱ्हाईकाकडून कळलं, लांबच्या एका गावात मुलींच्या वसतिगृहाला स्वयंपाकघर सांभाळायला बाई हवी होती. राहायला स्वतंत्र खोली. मोठी एका दिवसात जाऊन बघून आली आणि होय म्हणून आली. पुन्हा परक्यांच्या पोरींचे डबे! मी डोक्याला हात लावला. ती म्हणाली, "पगार मिळणार आहे, वेडे. आणि सुट्टीसुद्धा."

जायचं पक्कं झाल्यावर त्या घरात काय उत्साह संचारला म्हणता! वहिनींनी तिला नवी चादर घेतली, उशी घेतली, प्रवासाला खायचं बांधून दिलं. गल्लीत सांगत सुटल्या, "आम्ही किती म्हटलं राहा, पण ताईंना कामाशिवाय करमतच नाही." लोकांनीही मान डोलावली. लोकांचं काय, त्यांना मान डोलवायला लागतं काहीतरी. आणि धाकट्याने निघायच्या आदल्या दिवशी माडीवरची खोली रिकामी केली. गाद्या खाली, सायकल गच्चीवर. ताईला म्हणाला, "एक रात्र का होईना, तुझ्या खोलीत झोप." आणि ती झोपली हो! मी असते तर ती सायकल त्याच्या डोक्यात घातली असती. मला म्हणाली, "खिडकीतून तुझं दुकान दिसतं गं अजून."

सकाळी आम्ही तिला गाडीवर पोचवायला गेलो. वहिनी आल्या नाहीत, डोकं दुखत होतं. धाकट्याने सुटकेस उचलून आणली, मला हात लावू दिला नाही. खिडकीजवळची जागा धरून दिली, पाण्याची बाटली दिली. शेवटी खाली उतरून खिडकीशी उभा राहिला. त्याचे डोळे भरले होते. खोटे नव्हते, ते मी मान्य करते. तोही लहानपणी तिच्या पाठीवर बसून शाळेत गेलाय.

"ताई, येत जा गं," तो म्हणाला.

"येईन की," मोठी म्हणाली. तिने हात बाहेर काढून त्याच्या गालावर ठेवला. "पण आता येताना आधी कळवून येईन हं."

मी धाकट्याकडे बघितलं. वाटलं, आता तरी याच्या काळजाला काहीतरी टोचेल. आता तरी हा म्हणेल, कळवायचं काय त्यात, वेडी का काय तू. ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं होतं. धाकट्याने रुमालाने डोळे पुसले, आणि मान हलवून अगदी मनापासून म्हणाला, "हो ताई, तसंच कर. कळवून ये, म्हणजे बरं पडतं."